इंग्रजी शब्दांचे गोत आणि सोयरीक

(बाभुळगाव तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



इंग्रजी शब्दसंग्रह वाढविण्याचा प्रश्न हा महाविद्यालयांचा आणि शहरांतील शिकवणी-वर्गांचा होय, खेड्यातील प्राथमिक शिक्षकाचा त्याच्याशी संबंध नाही, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. शिक्षकाने मुळाक्षरे गिरवून घ्यावीत, रंगांची व प्राण्यांची नावे पाठ करून घ्यावीत, आणि पुढचे पुढच्यांवर सोपवावे. ही समजूत आता टिकण्यासारखी राहिलेली नाही. महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिल्याच इयत्तेत आले. शिष्यवृत्ती परीक्षा कोणत्या इयत्तेला घ्यावी याचे निर्णय वेळोवेळी बदलत आले. परंतु २०१७ साली जी रचना आली तिच्यात दुसऱ्या प्रश्नपत्रिकेतील २५ प्रश्न आणि ५० गुण इंग्रजीला मिळाले. आणि याच बाकावरून उठलेला एखादा विद्यार्थी पुढे राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी अर्ज करावयास निघतो, तेव्हा परदेशी विद्यापीठ त्याच्याकडे इंग्रजीच्या प्रावीण्याचा पुरावा मागते.

वऱ्हाडातील खेड्यातून विलायतेस जाणे ही काही अपूर्व गोष्ट नव्हे. अमरावती जिल्ह्यातील पापळ गावी १८९८ साली जन्मलेले पंजाबराव देशमुख एडिंबरो आणि ऑक्सफर्ड येथे शिकून आले. त्या काळी आजच्यासारख्या प्रावीण्यपरीक्षा नव्हत्या. टोफेल ही परीक्षा १९६४ साली आणि आयईएलटीएस ही १९८९ साली सुरू झाली. आज मात्र त्या दाराची कडी वाजविल्यावाचून आत जाता येत नाही, आणि ती वाजविणाऱ्या हाताला बळ येते ते पहिली ते आठवीच्या वर्षांत.

या परीक्षांची तयारी म्हणून बाजारात शब्दांच्या याद्या मिळतात. डावीकडे कठीण इंग्रजी शब्द, उजवीकडे एक मराठी प्रतिशब्द, आणि खाली आज्ञा की रोज पन्नास पाठ करा. मेहनती मुलगा ती यादी खरोखरच पाठ करतो. ‘प्लेथोरा’ म्हणजे विपुलता, एवढे त्याच्या लक्षात राहते. पुढे निबंधात तो लिहितो की, यंदा बाबांच्या शेतात कापसाचा प्लेथोरा आला. हा शब्द मूळचा वैद्यकातला. शरीरात रक्त प्रमाणाबाहेर वाढले म्हणजे तो वापरीत. पुढे त्याचा अर्थ ‘नको इतका मोठा साठा’ असा झाला. बापाला चांगले पीक आले म्हणून आनंदाने लिहिलेले वाक्य परीक्षकाच्या कानाला चमत्कारिक लागते. मुलाने कष्ट केले, शब्द खरा, स्पेलिंग बिनचूक, आणि तरीही गुण गेले! आयईएलटीएसच्या लेखन आणि संभाषण या दोन भागांत एक चतुर्थांश गुण शब्दसंपत्तीला असतात. पण ते शब्द किती अवघड यावर न देता ते किती नेमके बसले यावर दिले जातात. सुटे शब्द देऊन त्यांचा अर्थ विचारणारा भाग टोफेलने १९९५ साली काढून टाकला. परीक्षा घेणाऱ्यांनी यादी टाकून दिली आणि परीक्षा देणारे ती छातीशी धरून बसले आहेत, असे हे चित्र आहे.

शब्द हा एकटा राहणारा प्राणी नव्हे. त्याला गोत असते आणि त्याची सोयरीकही ठरलेली असते.

सोयरीक प्रथम पाहू. मराठीत चहा कडक, ऊन कडक, शिस्त कडक आणि बँकेतून आणलेली कोरी नोटही कडकच. इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’ होतो, ऊन ‘स्कॉर्चिंग’, शिस्त ‘स्ट्रिक्ट’ आणि नोट ‘क्रिस्प’. पाऊस ‘हेवी’ असतो, ‘स्ट्राँग’ नसतो. वारा मात्र ‘स्ट्राँग’ असतो. यात तर्क शोधू नये. मराठीत पाऊस मुसळधार आणि जंगल घनदाट. मुसळधार जंगल असे कोणी म्हणत नाही, आणि का म्हणत नाही हे कोणा व्याकरणकारालाही विचारावे लागत नाही. ज्या मुलाला हे मराठीत उपजत कळते त्याला इंग्रजीतही कळेल, फक्त शब्द त्याच्यापुढे जोडीने आला पाहिजे. म्हणून फळ्यावर ‘हेवी’ हा शब्द एकटा लिहिणे व्यर्थ होय. ‘हेवी रेन’ आणि ‘हेवी बॅग’ असे लिहावे, आणि शेजारी मराठीतील दोन निराळी विशेषणे येऊ द्यावीत.

मराठी क्रियापदांची गंमत तर याहून मोठी. ‘लागणे’ हा एकच शब्द घ्या. झोप लागली, आग लागली, वेळ लागला, निकाल लागला, आंब्याला फळे लागली. पाच वाक्यांत एकच ‘लागणे’. पण इंग्रजीत झोपेसाठी ‘फॉल’, आगीसाठी ‘कॅच’, वेळेसाठी ‘टेक’, निकालासाठी ‘डिक्लेअर’ आणि फळांसाठी ‘बेअर’. जो शिक्षक चौथी-पाचवीच्या वर्गात अशी पाच वाक्ये काढून पाच क्रियापदे शिकवील, त्याने एकाही अवघड शब्दाचा उच्चार न करता प्रगत शब्दसंपत्तीचा पाया घातला असे समजावे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकविले ते याच मार्गाने. तीत शब्द दिलेले असत, पण लगेच वाक्येही असत, आणि ती दोन्ही दिशांनी भाषांतर करावी लागत. पुढे तिची थट्टा करण्याची चाल पडली. ती थट्टा करणारांपैकी पुष्कळांचे इंग्रजी तिच्यावरच पोसलेले होते.

येथे एक सावधगिरी. जे इंग्रजी शब्द मराठीत येऊन मुरले आहेत ते मुलांना ओळखीचे वाटतात, पण येथे आल्यावर त्यांनी वेष पालटलेला असतो. बाभुळगावच्या बसस्थानकाजवळ हॉटेल म्हणजे चहा आणि भजी; इंग्रजीत हॉटेलात मुक्काम करतात. मराठीत ‘टेन्शन’ म्हणजे काळजी. विज्ञानाच्या पुस्तकात तो दोरीतील ताण. अशा शब्दांकडे वर्गात हसतखेळत लक्ष वेधावे.

आता गोत. इंग्रजीतील अवघड वाटणारे बहुसंख्य शब्द लॅटिन व ग्रीक धातूंना उपसर्ग-प्रत्यय लागून झालेले आहेत. ज्याने कर्म, कर्ता, कार्य, उपकार, अपकार, विकार, प्रतिकार हे एकाच ‘कृ’ धातूचे कुटुंब मराठीत ओळखले आहे, त्याला ही रीत परकी नाही. उदाहरणासाठी शब्दकोशाकडे धावण्याचे कारण नाही. ते शेताच्या धुऱ्यावर उभे आहे. ट्रॅक्टर हा शब्द पहिलीतल्या मुलालाही येतो. त्यातला ‘ट्रॅक्ट’ म्हणजे ओढणे. ओढणारा तो ट्रॅक्टर. आपल्याकडे ओढणे या अर्थाचा संस्कृत धातू ‘कृष्’. नांगर ओढणे म्हणजे कर्षण, आणि त्यावरूनच कृषी. म्हणजे कृषी आणि ट्रॅक्टर या दोन्ही शब्दांच्या पोटात एकच क्रिया आहे.

येथून दोन्ही कुटुंबे समोरासमोर बसवून पाहावीत. आपल्याकडे ओढणे म्हणजे आकर्षण; तिकडे ‘अट्रॅक्ट’. आतून बाहेर ओढून काढलेले ते ‘एक्स्ट्रॅक्ट’. मराठीत चर्चेतून ओढून काढलेले सार ते निष्कर्ष. लक्ष दुसरीकडे ओढणे ते ‘डिस्ट्रॅक्ट’. संख्येच्या खालून ओढून काढणे ते ‘सब्ट्रॅक्ट’, म्हणजे वजाबाकी. दोघांना एकत्र ओढून बांधणारा तो ‘कॉन्ट्रॅक्ट’. ठेकेदाराला कॉन्ट्रॅक्टर म्हणतात हे गावात सर्वांना ठाऊक आहे, पण तो ट्रॅक्टरचा भाऊबंद आहे हे ऐकून मुलांचे डोळे विस्फारतील. वस्तूपासून दूर ओढून केवळ मनात धरलेले ते ‘अब्स्ट्रॅक्ट’, अमूर्त. सहा शब्द झाले, आणि त्यांपैकी तीन-चार तरी विद्यापीठीय ग्रंथांत पानोपानी भेटणारे. मूल उद्या ‘रिट्रॅक्ट’ हा शब्द प्रथमच पाहील तेव्हा ‘मागे ओढणे’ असा अंदाज त्याला स्वतःच करता येईल. परीक्षेच्या उताऱ्यात अनोळखी शब्द येणारच. तेथे पाठांतर थांबते आणि हा अंदाज कामास येतो.

उपसर्गांच्या बाबतीत तर मराठी मुलाला एक वारसाही मिळालेला आहे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असे प्रतिपादन केले. पुढील भाषाशास्त्राने ते खरे ठरविले. त्याचा पुरावा पाचवीच्या गणितातच आहे. परिमिती आणि ‘पेरिमीटर’! ‘परि’ आणि ‘पेरि’ एकच, आणि ‘मिती’ व ‘मीटर’ हेही मोजण्याच्या एकाच जुन्या धातूचे. ‘अंतर्’ आणि ‘इंटर’, ‘प्र’ आणि ‘प्रो’, ‘दुस्’ आणि ग्रीक ‘डिस्’ (वाईट या अर्थी, ‘डिसेंट्री’तला) ही नातीही तशीच. तथापि यात वाहवत जाऊ नये. वर आलेल्या ‘डिस्ट्रॅक्ट’मधला ‘डिस्’ लॅटिन असून त्याचे कुळ निराळे आहे. ध्वनी जुळला म्हणजे नाते जुळलेच असे नव्हे. चांगल्या कोशात पाहून मगच फळ्यावर लिहावे.

देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. इंग्रजीतील ‘मंगूस’ हा प्राणी मराठी मुंगसावरूनच तेथे गेला. ‘डंगरी’ हे जाडेभरडे कापड मुंबईच्या डोंगरी भागाच्या नावाचे. इंग्रजी कोशात आपल्या मुंगसाला बसावयास जागा आहे हे कळले की त्या कोशाची भीती थोडी ओसरते.

शिकवायचे तरी किती शब्द? यावर गेल्या शतकात बरेच काम झाले, आणि त्यातील एक कार्यकर्ता हिंदुस्थानातच घडला. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुलांना वाचता येईल अशा पुस्तकांच्या शोधातून त्यांनी शब्दांची मोजदाद आरंभिली. १९३५ साली त्यांनी असा इंग्रजी कोश केला की ज्यात प्रत्येक शब्दाचा अर्थ सुमारे दीड हजार सोप्या शब्दांतच सांगितलेला होता. आणि १९५३ साली सुमारे २,००० अत्यावश्यक शब्दांची यादी प्रसिद्ध केली. पुढे न्यूझीलंडमधील अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुळांची यादी केली. वेस्ट यांचे दोन हजार शब्द विद्यापीठीय मजकुराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग व्यापतात, आणि कॉक्सहेड यांची ५७० कुळे आणखी सुमारे दहावा हिस्सा.

या आकड्यांत खेड्यातील शाळेला मोठा दिलासा आहे. वर्षाला अध्यापनाचे ३६ आठवडे धरले तर पहिली ते आठवीपर्यंत २८८ आठवडे होतात. आठवड्याला ७ शब्द नीट रुजविले तर दोन हजारांचा टप्पा गाठला जातो. पुढे नववी ते बारावी १४४ आठवडे. आठवड्याला ४ कुळे घेतली तर ५७६. रोज पन्नास शब्दांची घोकंपट्टी नको. आठवड्याला सात, पण जोडीदारासह आणि कुळासह. प्रावीण्याला एवढ्याने पूर्णता येत नाही. इंग्रजी पुस्तक वा वर्तमानपत्र कोणाच्याही मदतीवाचून वाचण्यास आठ-नऊ हजार शब्दकुळे लागतात असा पॉल नेशन यांचा २००६ सालचा हिशेब आहे, आणि ती पुढील वाचनातूनच यावयाची. प्राथमिक शिक्षकाच्या वाट्याचे काम मात्र एवढेच आहे, आणि ते आवाक्यातले आहे.

मग ते सात शब्द घ्यावेत कोठून? पाठ्यपुस्तकातून तर घ्यावेतच, परंतु बाभुळगावसारख्या ठिकाणी त्याहून जिवंत उगम आहेत. या मुलांच्या घरी कापूस वेचतात, सोयाबीन सोंगतात, भुईमूग उपटतात. काढणीची तीन निराळी क्रियापदे त्यांच्या तोंडी आहेत. शहरातल्या मुलाला बहुधा एकच येते. बोंड, सरकी, रुई, गठाण या वस्तू त्यांनी हाताळलेल्या आहेत. ज्याच्यापाशी अर्थ आधीच आहे त्याला शब्द देणे सोपे. ज्याच्यापाशी अर्थच नाही त्याला शब्द देणे म्हणजे रिकाम्या पोत्यावर गठाणीचा शिक्का मारणे होय.

बेंबळा धरणाचे उदाहरण घ्या. जलाशय, कालवा, पाणलोट, बुडीत क्षेत्र, मोबदला, विस्थापन, पुनर्वसन हे शब्द या तालुक्यातील मुलाला पुस्तकाने शिकविलेले नाहीत. काहींच्या आजोबांचे घर पाण्याखाली गेले, काहींच्या शेताला पाणी आले. आयईएलटीएसच्या वाचनाच्या उताऱ्यांत धरणे, शेती, हवामान, स्थलांतर हे विषय नेहमीचेच. आणि ‘डिस्प्लेस’ व ‘कॉम्पेन्सेट’ ही दोन्ही कुळे कॉक्सहेड यांच्या ५७० मध्ये आहेत. लंडनमधल्या मुलाला ‘डिस्प्लेसमेंट’ समजावून द्यावे लागेल. येथील मुलाला तो शब्द उच्चारताना आजीचा चेहरा आठवेल. सातवी-आठवीच्या वर्गाने घरच्या वडीलधाऱ्यांना गाव कसे हलले हे विचारून मराठीत दहा ओळी लिहाव्यात, आणि त्यांतील सातच शब्द इंग्रजीत करावेत. शिक्षकाने येथे जरा जपून चालावे. ज्या घरात मोबदल्याची जखम अजून ओली असेल तेथील मुलाला उभे करून विचारू नये.

बाजार समितीच्या फळ्यावरचे कापसाचे भाव हाही असाच उगम. मोठ्या वर्गाने दर आठवड्याचा भाव टिपून आलेख काढावा आणि खाली इंग्रजीत चार वाक्ये लिहावीत: भाव वाढला, घसरला, स्थिर राहिला, खालीवर होत राहिला. ‘राइज’, ‘डिक्लाइन’, ‘स्टेबल’, ‘फ्लक्चुएट’. आयईएलटीएसच्या शैक्षणिक शाखेतील लेखनाचा पहिला प्रश्न हाच असतो, एखाद्या आलेखाचे वा तक्त्याचे वर्णन किमान १५० शब्दांत करा. ही वाक्ये भित्तिपत्रकावर दोन स्तंभांत लावावीत, एकात मराठी व एकात इंग्रजी. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ साली असेच दोन भाषांत, शेजारी शेजारी निघाले होते.

यवतमाळ जिल्ह्यात काही मुलांच्या घरी गोरमाटी बोलतात, काहींच्या घरी कोलामी वा गोंडी. त्यांच्या दृष्टीने शाळेतील मराठीही शिकून घेण्याची भाषा असते. अशा मुलाला इंग्रजी शब्दाचा मराठी प्रतिशब्द सांगणे म्हणजे एका बंद पेटीची किल्ली दुसऱ्या बंद पेटीत असल्याचे सांगणे होय. त्याला घरचा शब्द विचारावा, तो वहीत तिसऱ्या रकान्यात लिहू द्यावा, आणि शिक्षकाने तो स्वतःही म्हणून पाहावा. मुले शिक्षकाच्या उच्चाराला हसतील. हसू द्यावे, इंग्रजी उच्चाराच्या तासाला मग तीच मुले मोकळेपणाने चुकतील.

उच्चाराविषयी थोडकेच. देवनागरीत लिहून घेतलेला इंग्रजी शब्द हा कामचलाऊ आधार आहे. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, इंग्रजीत आघात महत्त्वाचा असतो. ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर. भ्रमणध्वनीवरील कोशात उच्चार ऐकता येतो. तो शिक्षकाने आधी स्वतः ऐकावा.

शिकलेला शब्द विसरतो, हे मात्र कोणासही चुकलेले नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखविले की, पाठ केलेल्यापैकी मोठा भाग पहिल्या काही तासांतच गळतो, आणि पुढे गळती मंदावते. म्हणून उजळणी पहिल्या दिवशी, मग दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने अशी लांबत जावी. उजळणी हा आपला शब्द किती नेमका आहे! भांडे काळवंडू लागले की ते उजळावयाचे, रोज घासून झिजवावयाचे नाही. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली यासाठी खोक्याची युक्ती सांगितली. बुटाच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करावेत. प्रत्येक शब्दाची एक चिठ्ठी. एका बाजूस शब्द गाळलेले वाक्य, दुसऱ्या बाजूस शब्द. बरोबर आला की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकला की पुन्हा पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज उघडावा, पाचवा महिन्यातून एकदा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू चिठ्ठ्यांना उत्तम चालतात.

वह्या तपासताना ‘स्ट्राँग रेन’ असे लिहिलेले आढळले तर त्यावर लाल फुली मारू नये. मुलाने दोन्ही शब्द बरोबर आणले आहेत, सोयरीक तेवढी चुकली आहे. ‘रेन’ शेजारी ‘हेवी’ लिहून द्यावे, ‘स्ट्राँग’ शेजारी ‘विंड’ लिहावे, आणि दोन्हींची चिठ्ठी खोक्यात टाकण्यास सांगावे.

विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. सुटीचा हा काळ पाचव्या कप्प्यालाही पेलणारा नाही. सुटीपूर्वी खोकी शाळेच्या कपाटात बंद करून न ठेवता मुलांच्या घरी द्यावीत. ज्या घरी दोन भावंडे शिकत असतील तेथे थोरल्याने धाकट्याची चिठ्ठी वाचावी, आणि शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात नवा शब्द न देता केवळ तेवढीच खोकी उघडावीत.